तिसरीच्या वर्गात उसवलेली गोधडी

बाई,

काल मला तुमच्याविषयी पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं आणि मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. गंगापूर रोडवरच्या एका एसी हॉलमध्ये गोधड्यांचं प्रदर्शन होतं, सोबत तीन दिवसांची शिकवणी. दारातच पाटी: नवशिक्यांसाठी, थोडं येणाऱ्यांसाठी, चांगलं येणाऱ्यांसाठी. नवशिक्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत आधीच कापून ठेवलेले तुकडे, ओवलेली सुई आणि आखून दिलेल्या रेघा. त्यांनी नुसतं रेघेवरून चालत जायचं. थोडं येणाऱ्यांना उशीचा अभ्रा. चांगलं येणाऱ्यांना भिंतीवर टांगायची गोधडी, म्हणजे जी कधी कुणी पांघरणारच नाही अशी. कापड सगळं दुकानातलं कोरं, आणि ते जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेलं. एक तरुण बाई मला हौसेने म्हणाली, "मॅडम, अगदी आजीच्या गोधडीचा फील येतो ना?" मला शिसारी आली. मी म्हटलं, "आजीच्या गोधडीला मुताचा वास येतो. तो कसा आणणार?" ती खळखळून हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

व्यासपीठामागे तुमचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार, आणि फोटोखाली काचेच्या चौकटीत मी आलेखाच्या कागदावर काढलेलं ते चित्र. नऊ थर, नऊ रंगांत, प्रत्येक थराची मापं बाजूला. निवेदिकेने चिठ्ठीवरून वाचलं, "आदिवासी भगिनींची लोप पावत चाललेली कला बाईंनी शहरात आणली आणि जपली." टाळ्या झाल्या. माझी पाळी आल्यावर मी उठले, म्हणाले, "बाई शिस्तीच्या होत्या. त्यांचा टाका उलट्या बाजूनेही सुलट दिसायचा." आणि बसले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा हे बोलायची सोय नव्हती. तुम्ही बोलू दिलं नसतंत, आणि खरं तर मलाही ते नकोच होतं.

तुमचा क्लास पंचवटीत, पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर. खाली दिवसभर ठोके चालायचे आणि वर आम्ही धावदोरा घालायचो. नव्या बायकांचे हात त्या ठोक्यांच्या तालावर पडायचे आणि त्यांचे टाके लांब व्हायचे. तुम्ही शाळेतून निवृत्त झालेल्या शिवणाच्या शिक्षिका, त्यामुळे तुमच्याकडे कोर्स नव्हते, इयत्ता होत्या. पहिलीत बाळाचं दुपटं, चार थरांचं. दुसरीत एकेरी गोधडी. तिसरीत नक्षीची मोठी गोधडी, आणि शिवाय एखादी जुनी गोधडी थोडी उसवून तिचा अभ्यास. "उसवल्याशिवाय शिवण कळत नाही," हे तुमचं ब्रीद. पास झाल्याशिवाय वरच्या इयत्तेत कुणी गेलं नाही. एका सराफाची पन्नाशीतली बायको कोपरे चुकवून तीनदा पहिलीत बसली होती. "अहो, माझा नातू दुसरीत गेला, मी आपली पहिलीतच," असं ती प्रत्येक नवीन बाईला सांगायची, आणि तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणायचात, "नातवाचे कोपरे नीट असतील."

सिंहस्थाची गर्दी ओसरून वर्ष झालं होतं तेव्हा मी तुमच्याकडे आले. बी.एस्सी. होऊन अठरा वर्षं, नोकरी नाही, मुलगा होस्टेलला, आणि घरात कुणाला माझ्या हुशारीची गरज नाही. पहिल्या आठवड्यात मी दुपट्याच्या तीन ओळी घालून तुमच्यासमोर ठेवल्या. तुम्ही दुपटं उलटं केलंत, दोऱ्याचं टोक चिमटीत धरलंत आणि सर्रकन तिन्ही ओळी ओढून काढल्यात. "सुलट बाजू नवऱ्याला दाखवायची. मला उलट." चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला असं कुणी बोलत नाही. मला तुमचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी तुम्ही मला आवडलात. सहा महिन्यांत मी तिसरीत होते. आलेखाचे कागद क्लासमध्ये मी आणले. त्याआधी तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नक्षी काढायचात.

मग त्या हिवाळ्यात तुम्हाला ती गोदाकाठी, गंगेवरच्या भाजीबाजारात दिसली. सुरगाण्याकडची. भात काढून झालं की तिकडची माणसं जीपमध्ये दाटीवाटीने बसून खाली उतरतात, द्राक्षाच्या बागांत काम धरतात आणि शिमग्याला परत जातात. ती बाजारच्या दिवशी भाकरीबरोबर खायला मिरच्या घ्यायला आली होती आणि तिच्या खांद्यावर गोधडी होती. तुम्ही तिचा टाका बघितलात. मेथीच्या जुडीसाठीसुद्धा कधी न वाकणाऱ्या तुम्ही तिच्यासमोर उकिडव्या बसलात, असं तुम्हीच आम्हाला सांगितलंत, आणि तिला माडीवर घेऊन आलात.

मला अजून दिसते ती. स्टुलावर बसत नाही, खाली फरशीवर बसते. तुम्ही तिला चार चिंध्या आणि सुई देता. खडू नाही, रेघ नाही, बोटाला टोपण नाही. ती कोपऱ्यातून सुरू करते आणि कडेकडेने आत आत फिरत जाते, चौकोनात चौकोन, आणि आमच्या बायका "अगं बाई!" करत वाकून बघतात. तिचे टाके सरळ नव्हते. सगळे एकाच बाजूला किंचित कललेले, वाऱ्यात भात कलतो तसे. तिने मान वर केली आणि सराफाच्या बायकोला म्हणाली, "बाय, तू लय जाडी सुई धरलीस. कापडाला भोकं पडतील." सराफाची बायको लाल झाली. "मला तू म्हणाली!" ती माझ्या कानाशी फुसफुसली. मग चहा आला. खिडकीच्या कट्ट्यावर एक कान तुटलेला कप कायम उपडा असायचा, झाडूवालीचा. बाई, तुम्ही नुसतं खिडकीकडे बघितलंत, आणि मी उठून त्या कपात तिला चहा दिला. आम्ही तिच्याकडून शिकत होतो आणि तिला तो कप देत होतो, आणि आमच्यापैकी एकीचाही घोट घशात अडकला नाही.

तुम्ही तिला गोधडी आठ दिवस ठेवून जायला सांगितलंत. तिची तयारी नव्हती. "ती आईची हाय," ती म्हणाली. "आईच्या आईची तिच्या आत हाय." तिच्या घरात गोधडी कधी उघडत नसत. वरचा थर विरला की त्यावर नवा चढवायचा, आणि सगळ्यांत जुनं लुगडं सगळ्यांत आत राहायचं. घरात जन्मलेलं मूल पहिल्यांदा टेकवायचं ते या गोधडीवर. तिची लेक गरोदर होती, दिवस शिमग्याच्या आसपास भरत होते. "शिमग्याला जायच्या आधी दे बाय. लेकीसाठी लागंल." तुम्ही म्हणालात, "आठ दिवसांत देते गं. आमच्या मुलींना बघू दे जरा." मुली! आमच्यातली सगळ्यांत लहान अडतीस वर्षांची होती. ती जिना उतरून गेली आणि सराफाची बायको म्हणाली, "तिथे जरा फिनेल टाकून पुसा गं." कुणीतरी पुसलंही.

शनिवारी तुम्ही ती गोधडी माझ्याकडे दिलीत. "एक कोपरा उसव. थर मोज, लिहून ठेव आणि लगेच बंद कर." हे तुमचं वाक्य. शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे, आणि इतक्या वर्षांत मी ते एकाही माणसाला सांगितलेलं नाही.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर वर्तमानपत्रं पसरून मी बसले. नवीन ब्लेड घेतलं. कोपरा उघडला, तर चारच थर. मध्यात जास्त असणार हे उघड होतं, आणि किती जास्त हे मला कळायलाच हवं होतं. कोपऱ्यावरून निकाल काढणं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी पुढे गेले. दुपारी चारपर्यंत ती पूर्ण उघडून गच्चीभर पसरली होती. नऊ थर. वरचे छापील साड्यांचे, मग जाड लुगडी, आणि तळाशी रंग सांगता येऊ नये असे तीन थर, कापड कमी आणि जाळी जास्त. त्यातून वास आला. चुलीचा धूर, आंबलेलं दूध, तेल, आणि किती पोरांच्या ओल्या झोपांचा कोण जाणे. नाकाला रुमाल बांधून मी चित्र पुरं केलं, मापं घेतली, रंग भरले. चित्र फार सुंदर झालं. आणि मग, मी स्वच्छ बाई आहे, हे कापड असंच परत शिवायचं हे माझ्या मनातही आलं नाही. मी कढत पाण्यात साबणाची पावडर टाकली आणि सगळं भिजत घातलं. वरचे सहा थर टिकले. आतले तीन बादलीत पापड भिजावा तसे विरघळले. पाणी तपकिरी झालं. ते मी मोरीत ओतलं आणि जाळीवर जे अडकलं ते खराट्याने ढकलून दिलं. त्या बाईच्या आजीचं लुगडं, बाई. खराट्याने.

सोमवारी मी ते गाठोडं तुमच्यासमोर सोडलं. मला वाटलं होतं तुम्ही मला जिन्यावरून खाली घालवाल. वाकड्या कोपऱ्यासाठी तुम्ही बायकांना रडवलं होतंत. तुम्ही सहा थर मोजलेत. माझं चित्र बघितलंत, त्यावरचे नऊ मोजलेत. मग पुन्हा सहा मोजलेत. आणि म्हणालात, "मांजरपाट किती लागेल?"

"तीन थरांपुरता."

"घेऊन ये."

हे मला तुमचं सगळ्यांत किळसवाणं वाटतं. तुम्ही ओरडायला हवं होतंत. त्या एका दिवशी ओरडला असतात तर तुमच्या आधीच्या सगळ्या ओरडण्याला काही अर्थ राहिला असता. त्याऐवजी तुम्ही तिसरीच्या सहा बायकांना कामाला बसवलंत. खडूने रेघा मारल्या, फूटपट्टीने अंतर धरलं, आणि आठ दिवसांचा वायदा मोडून पुढचे तीन आठवडे आम्ही तिची गोधडी शिवली. तिचे कललेले टाके आम्ही सरळ केले. मध्ये ती दोनदा येऊन गेली, तुम्ही दारातूनच सांगितलंत, "अजून मुली बघतायत." काम संपलं तेव्हा सगळ्या इतक्या खूश! "होती त्यापेक्षा कितीतरी छान झाली हो!" आणि हे ढोंग नव्हतं. मलाही तसंच वाटत होतं. आपण तिच्यावर उपकार केलेत असं मला मनापासून वाटत होतं, हे आठवलं की आजही तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

शिमग्याला चार दिवस होते. ती जिना चढून आली. तुम्ही मोठ्या टेबलावर गोधडी पसरलीत आणि म्हणालात, "बघ." तिने आधी ती उलटी केली. जे शिकायला आम्हाला तुमचे फटकारे खावे लागले ते तिने कुणी न सांगता केलं. तळहात फिरवला. मग वाकून नाक लावलं.

"ही माझी नाय."

"अगं तुझीच आहे," तुम्ही म्हणालात. "धुतली, नीट केली. आता वीस वर्षं बघायला नको."

"घ्या!" सराफाची बायको म्हणाली. "एवढ्या बायका महिनाभर खपल्या, आणि वर हिचं तोंड वाकडं."

तिने तिकडे बघितलंही नाही. मध्यावर दोन्ही हातांनी चाचपून बघत होती. "आतलं कुठं हाय?"

"सडलं होतं ते."

"सडलेलंच असतं," ती म्हणाली. "म्हणून तर आत घालतात." खाली भांड्यांचे ठोके चालले होते. "कुणी उसवली?"

मी तुमच्या उजव्या हाताला उभी होते, तोंडात दोऱ्याचं टोक. ते बाहेर काढायला एक क्षण लागला असता.

"मी," तुम्ही म्हणालात.

ती तुमच्याकडे बघत राहिली. "तू शिकवतीस ना यांना?"

"हो."

"काय शिकवतीस?"

तिने गोधडीची वळकटी केली, डोंगरात अजून थंडी होती म्हणूनच नेली असणार, आणि खांद्यावर न घेता काखेत धरून गेली. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "दुसरीच्या बायकांनी कोपरे काढा." बस्स. तेवढंच.

त्या वर्षी तिसरीत पहिला नंबर माझा आला. चित्राला तुम्ही स्वतः चौकट करून आणलीत आणि भिंतीवर लावलीत. मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, मी तुम्हाला इतकी प्रिय होते. पुष्कळ वर्षं मी त्या विचारावर जगले. आता वाटतं तुम्ही क्लाससाठी बोललात. आपली पहिल्या नंबराची विद्यार्थिनी सांगितलेलं न ऐकता ब्लेड चालवत जाते हे बायकांना कळायला नको होतं. किंवा कदाचित तुम्हाला खरंच वाटलं असेल की शिकवणारीची चूक ती शिकवणारीचीच. विचारायला हवं होतं. पुढची चार वर्षं आपण रोज समोरासमोर बसून दोरे घातले, तुमच्या दुखण्यात मी तुमच्या अंथरुणाशी बसले, आणि आपल्यापैकी कुणीही तो विषय काढला नाही. दोघींनाही तो विषय घाण वाटत होता, आणि घाण झाकायचं शिक्षण आपल्या दोघींचंही उत्तम झालेलं होतं.

तुम्ही गेल्यावर क्लास मी चालवला. तुमच्याच इयत्ता, तुमचंच "मला उलट बाजू दाखवा." तिसरीच्या बायकांना मी चित्र दाखवून सांगायचे, "बाईंनी एकदा एक गोधडी पूर्ण उसवून टाकली होती. एवढ्या जाणत्या, पण मोह आवरला नाही. तुम्ही असं करू नका." बायका गंभीर चेहऱ्याने मान डोलवायच्या. वाक्य चांगलं बसलं होतं. मी ते दर वर्षी वापरलं.

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा ती परत आली. भर दुपार, क्लास अजून भरायचा होता, मी एकटीच. पायऱ्या चढताना तिला धाप लागली होती, केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखलं नाही. मी लगेच ओळखलं.

"ती बाय कुठं हाय? गोधडी उसवली ती?"

"बाई वारल्या," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली."

ती वरच्या पायरीवर टेकली. मग सांगू लागली, मला नव्हे, समोरच्या भिंतीला सांगावं तसं. लेकीचं मूल त्या गोधडीवर टेकवलं नाही, नुसत्या साडीवर टेकवलं. नंतरची दोन्ही तशीच. सगळी नीट आहेत, शाळेत जातात. पण गोधडी घरात पडून आहे, कुणी पांघरत नाही, टाकवतही नाही. आता धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. गावातल्या म्हाताऱ्यांना तिने विचारलं होतं, आणि त्यांनी उपाय सांगितला होता: जिने उसवली तिच्या अंगावरचं, वापरलेलं लुगडं मागून आणायचं आणि ते वर चढवायचं. तिचा थर वर बसला की ती घरातली होते, मग गोधडीचा राग जातो आणि मूल टेकवता येतं. एवढ्यासाठी ती पेठ नाक्यावर जीपमधून उतरून चालत आली होती.

"मेलेल्या माणसावर राग नाय धरत आमी," ती म्हणाली. "जाऊ दे आता. पर लुगडं लागतं. तिचं काय असंल तर दे, बाय."

तुमच्या साड्या क्लासच्या पेटीत होत्या. तुमच्याच इच्छेप्रमाणे तुमच्या भाचीने आणून दिल्या होत्या, पहिलीच्या दुपट्यांसाठी. मी पेटी उघडली. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली, आणि माझा पदर चिमटीत धरून बोटांनी चोळून बघितला, शिवणारी बाई कुठलंही कापड बघते तसा. "तुझं बी चांगलं मऊ झालंय," ती म्हणाली. सुती साडी होती माझी, आठ वर्षं वापरलेली. थराला अगदी योग्य.

मी तुमची करड्या रंगाची, बारीक काठांची साडी काढून तिच्या हातात दिली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कुठे वाचायचंही नाही. काल पाच मिनिटांत जे बोलले नाही ते सगळं यात आलं आहे, एक सोडून. तिने साडीची घडी केली, डोक्यावर ठेवली, आणि पहिल्या पायरीवरून वळून विचारलं, "उसवली तिचंच ना हे? दुसरीचं चालत नाय."

मी म्हटलं, "तिचंच."